टीएफ टू मध्ये प्लेग डॉक्टरची चोच कशी मिळवायची, एकदम नवीन लोकांसाठी

टीम फोर्ट्रेस टू नव्याने खेळायला लागलेली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात, की तो पक्ष्याच्या चोचीचा मास्क लावून फिरणारा मेडिक, म्हणजे टीममधला डॉक्टर, दिसतो ना, तो मास्क कुठून मिळतो आणि किती पैसे जातात. त्या मास्कचं नाव ब्लायटेड बीक. फक्त मेडिकला घालता येतो, बाकी आठ क्लासना, म्हणजे गेममधल्या बाकी पात्रांना, नाही. आणि पैशांचं म्हणाल तर नेहमीची पिवळ्या नावाची यूनिक क्वालिटी, म्हणजे साधा प्रकार, घेतली तर हा मास्क खरंच स्वस्तातला आहे, गेममधल्या क्रेट, म्हणजे बंद पेट्या, उघडायच्या एका किल्लीच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. पैसे जातात ते इतर गोष्टींत, म्हणजे घाईत चुकीची टोपी घेतली, क्रेट उघडत बसलो, कुणी लिंक पाठवली तिथे लॉगिन केलं, असल्या भानगडीत. म्हणून मास्क कुठे मिळतो एवढंच सांगून थांबत नाही, कुठल्या क्रमाने काय करायचं ते सांगतो. क्रम पाळला की खर्च कमी होतो, बास.

आधी थोडं मास्कबद्दल, कारण हे माहीत नसेल तर बाकीचा पोशाख जुळवताना गोंधळ होतो. घाई असेल तर सरळ पहिल्या स्टेपवर उडी मारा, पण मग नंतर पांढऱ्या कोटावर चोच का विचित्र दिसते असं विचारू नका.

चोचवाला डॉक्टर म्हटलं की सगळ्यांना मध्ययुग आठवतं, १३४७ ते १३५१ ची ती युरोपातली भयंकर साथ, ब्लॅक डेथ. पण त्या साथीत हा पोशाख नव्हताच. तो आला जवळपास पावणेतीनशे वर्षांनी, सतराव्या शतकात. श्रेय दिलं जातं शार्ल द लॉर्म नावाच्या फ्रेंच डॉक्टरला, हा तेरावा लुई राजाचा वैद्य होता, आणि साल सांगतात १६१९. वर्णन पण व्यवस्थित मिळतं: अंगभर लांब कोट, मेण लावलेला, बुटांना जोडलेली विजार, आत खोचलेला सदरा, टोपी आणि हातमोजे बकऱ्याच्या कातड्याचे, डोळ्यांवर काचा, आणि नाकाच्या जागी अर्धा फूट लांब चोच, जिला नाकपुड्यांपाशी दोन भोकं. हातात काठी, म्हणजे पेशंटला हात न लावता पांघरूण बाजूला करता येईल, आणि जास्त जवळ कोणी आलं तर ढकलता पण येईल.

चोचीत भरायचे सुगंधी पदार्थ. कापूर, पुदिना, लवंग, गुलाबाच्या पाकळ्या, असलं काय काय. कारण तेव्हाचा समज असा की रोग घाण वासाच्या हवेतून पसरतो, मग वास अडवला की रोग अडला. आता आपल्याला माहितीये की प्लेग जंतूमुळे होतो, तो जंतू यर्सिननं १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला, आणि उंदरांवरच्या पिसवांमधून तो पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. म्हणजे कापराचा काही उपयोग नव्हता. गंमत अशी की त्या गुळगुळीत मेणकापडाच्या कोटावर आणि चामड्यावर पिसवांना पकड मिळायला अवघड, त्यामुळे चुकून का होईना थोडाफार बचाव होत असेल, भलत्याच कारणासाठी घातलेला कोट भलत्याच कारणाने कामाला आला.

इंटरनेटवर जे काळ्या झग्यातलं, रुंद टोपीचं चित्र सगळीकडे फिरतं ते १६५६ चं, पाउल फ्युर्स्टनं छापलेलं, त्यात डॉक्टरचं नाव दिलंय श्नाबेल, आणि ते मुळात टिंगलीचं चित्र आहे, खाली कविता पण टोमणे मारणारी आहे. लोक आता ते गंभीर फोटो असल्यासारखं शेअर करतात. जर्मनीत इंगोलश्टाटच्या वैद्यक इतिहास म्युझियममध्ये असा एक मास्क ठेवलाय, पण तो खरंच कुणा डॉक्टरनं प्लेगमध्ये वापरला का याबद्दल जाणकारच शंका घेतात. आणि व्हेनिसच्या कार्निव्हलमध्ये हाच मास्क नाचगाण्याचा मास्क म्हणून विकला जातो. म्हणजे खरा पोशाख, टिंगल आणि जत्रा या तिन्हींचं मिश्रण होऊन गेममधली चोच तयार झालीये असं समजा.

आपल्याकडे प्लेग म्हटलं की मुंबईची १८९६ ची साथ आणि १८९७ चं पुणं, रँड, चाफेकर, आणि प्लेगच्या पेशंटची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई. त्यात चोच कुठेच नाही. तोपर्यंत युरोपातून पण ती गेली होती, आणि हाफकिन मुंबईत लस बनवत होता, जानेवारी १८९७ मध्ये त्यानं ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. हे एवढ्यासाठी सांगितलं की कुणी ब्रिटिशकाळातल्या मुंबईचा प्लेग डॉक्टर म्हणून चोचवाला लूक बनवत असेल तर तो चुकतोय, एवढंच.

चला, आता कामाचं.

स्टेप १: अकाउंट नीट करून घ्या

गेम २००७ मध्ये आला, जून २०११ पासून फुकट आहे, स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपवरून डाउनलोड करा. पण फुकट अकाउंटला बऱ्याच गोष्टी बंद असतात. बॅकपॅकमध्ये ५० जागा, सापडलेल्या वस्तू ट्रेडमध्ये देता येत नाहीत, बरीच क्राफ्टिंग, म्हणजे जुन्या वस्तू वितळवून नवीन बनवणं, बंद. प्रीमियम झालात की ३०० जागा आणि ट्रेड सुरू. प्रीमियम व्हायला गेमच्या आतल्या मॅन को स्टोअरमधून काहीही एक वस्तू घ्यायची, कितीही छोटी चालेल. इथे नवीन लोक कुठे फसतात सांगतो: ते स्टीमच्या कम्युनिटी मार्केटवरून एखादी वस्तू घेतात आणि वाट बघत बसतात की आता प्रीमियम होईल. नाही होत. मार्केटवर दुसऱ्या प्लेअरकडून घेतलेली वस्तू त्यात धरत नाहीत, खरेदी गेमच्या स्टोअरमधूनच पाहिजे.

दुसरी गोष्ट, स्टीमचं स्वतःचं एक बंधन आहे. ज्या अकाउंटवर साधारण ५ डॉलरएवढा खर्च झालेला नाही ते लिमिटेड अकाउंट, त्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता येत नाही, मार्केट वापरता येत नाही. म्हणून शहाणपणा असा की स्टीम वॉलेटमध्ये तेवढे पैसे रुपयांत भरायचे, त्याच वॉलेटमधून मॅन को स्टोअरमधली एक छोटी वस्तू घ्यायची, आणि उरलेलं वॉलेटमध्ये मास्कसाठी राहू द्यायचं. एका पैशात दोन्ही कामं. वॉलेटमध्ये गेलेला पैसा परत बँकेत येत नाही हे मात्र लक्षात ठेवा, त्यामुळे घरच्यांचं कार्ड वापरत असाल तर विचारून वापरा.

स्टेप २: स्टीम गार्ड आजच चालू करा

स्टीम गार्ड म्हणजे अकाउंटच्या लॉगिनला लावलेलं जादा कुलूप. ही स्टेप कंटाळवाणी आहे म्हणून सगळे शेवटी ठेवतात आणि मग मास्क समोर दिसत असताना पंधरा दिवस हात चोळत बसतात. मार्केट वापरायचं तर स्टीम गार्ड किमान १५ दिवस चालू असावा लागतो आणि स्टीमवरची तुमची एखादी खरेदी ७ दिवसांपेक्षा जुनी पण वर्षाच्या आतली असावी लागते. ट्रेडसाठी मोबाइल ॲपवालं ऑथेंटिकेटर लावा, ते नसेल किंवा लावून ७ दिवस झाले नसतील तर ट्रेड केलेली वस्तू १५ दिवसांपर्यंत अडकून राहते. ॲप लावताना एक रिकव्हरी कोड मिळतो, तो कागदावर लिहून ठेवा, फोनमध्येच स्क्रीनशॉट ठेवून काय उपयोग, फोनच गेला तर?

या मधल्या दिवसांत मेडिक खेळायला शिका. खरंच. चोच लावून आलेला मेडिक जर सगळ्यांच्या पुढे पळत जाऊन पहिला मरत असेल तर लोक जास्तच शिव्या देतात, कारण तो लक्षात राहतो. हील करताना एकाच हेवीला चिकटून राहू नका, सगळ्यांना थोडं थोडं द्या, उबर, म्हणजे हील करून भरणारी मेडिकची खास ताकद, भरला की धरून बसू नका, आणि मागे स्पाय आहे का ते सारखं वळून बघा.

स्टेप ३: विकत घ्यायच्या आधी घालून बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच, आणि नवीन लोक नेमकी हीच सोडतात. एका क्लासला एका वेळी तीनच कॉस्मेटिक, म्हणजे टोपी, मास्क, कोट असल्या नुसत्या दिसायच्या वस्तू, घालता येतात. त्यात पण प्रत्येक वस्तू शरीराचा एखादा भाग अडवते, डोकं, चेहरा, चष्मा, गळा वगैरे, आणि दोन वस्तू एकच भाग अडवत असतील तर त्या एकत्र बसतच नाहीत, एक घातली की दुसरी निघते. म्हणजे तुम्ही आधी एक मस्त रुंद टोपी घेतली, मग चोच घेतली, आणि मग कळलं की दोन्हीचं जमत नाही, की गेले पैसे.

यावर उपाय फुकट आहे. लोडआउट डॉट टीएफ नावाची एक साइट आहे, खेळणाऱ्या लोकांनीच बनवलेली, तिथे मेडिक निवडायचा आणि हवी ती वस्तू अंगावर चढवून सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचं, लाल टीमचा निळ्या टीमचा दोन्ही. विकत काही घ्यायला लागत नाही. गेममध्ये पण स्टोअरला वस्तूचा प्रिव्ह्यू दिसतो, पण तिथे पूर्ण सेट एकत्र बघणं तेवढं सोपं नाही. कोणत्या दोन वस्तू भांडतात हे गेमच्या विकीवर त्या त्या वस्तूच्या पानावर दिलेलं असतं, ते पण बघा.

आता जुळवायचं कसं. मेडिकचा मूळ कोट पांढरट, आणि पांढरा कोट ही डॉक्टरांची खूण बनली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे, त्याआधी डॉक्टर काळ्या कपड्यांत यायचे. म्हणून नुसती चोच लावली की वरून १६५६ आणि खालून दवाखाना असं दिसतं. काहींना तेच आवडतं, विनोदी दिसतं आणि गेमच मुळात विनोदी आहे, तर चालेल. पण खराखुरा प्लेग डॉक्टर पाहिजे असेल तर अंग झाकणारी, गडद रंगाची, शक्यतो लांब वस्तू शोधा आणि तिसरी जागा सरळ रिकामी सोडा. तीन जागा आहेत म्हणून तिन्ही भरायच्या असा नियम नाही.

गेममध्ये मेडिकसाठी डॉक्टरकीच्या बऱ्याच वस्तू आहेत. ओटोलॅरिंगॉलॉजिस्ट्स मिरर म्हणजे कान नाक घसावाले कपाळावर लावायचे तो गोल आरसा. सर्जन्स स्टेथोस्कोप. फिजिशियन्स प्रोसीजर मास्क, म्हणजे ऑपरेशनचा मास्क. फॉपिश फिजिशियन, हा जुन्या काळच्या शौकीन डॉक्टरचा पोशाख. सगळ्या छान आहेत पण या चोचीबरोबर घालू नका, कपाळावरचा आरसा आणि स्टेथोस्कोप दोन्ही एकोणिसाव्या शतकातले, चोच सतराव्यातली. ऑपरेशनच्या मास्कची तर स्वतःची भारी गोष्ट आहे, १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला तेव्हा वू लियन-तेह या मलायात जन्मलेल्या डॉक्टरनं कापूस आणि गॉजचा साधा मास्क सगळ्यांना घालायला लावला, एका फ्रेंच डॉक्टरनं ऐकलं नाही, तो काही दिवसांत प्लेगनंच गेला. म्हणजे प्लेगवर खरा उपयोगी पडलेला मास्क हा होता, चोच नव्हे. ज्याला जरा हटके पाहिजे त्यानं चोचीऐवजी प्रोसीजर मास्कवाला प्लेग डॉक्टर बनवावा, मला तो जास्त भारी वाटतो, पण कुणाला समजावून सांगायची तयारी ठेवा.

रोबोवाली चोच पण आहे, बाइटेड बीक, मे २०१३ च्या रोबोटिक बूगालू अपडेटमधली. नाव ऐकायला सारखं वाटतं त्यामुळे मार्केटवर शोधताना नीट वाचून घ्या, पत्र्याची चोच घरी आली की मग भांडायला कुणी नसतं.

आणखी एक, काही वस्तूंवर लिहिलेलं असतं की त्या फक्त हॅलोविन किंवा पौर्णिमेलाच घालता येतात. कोट किंवा टोपी शोधताना भुताटकीच्या वस्तू भरपूर समोर येतात, दिसायला प्लेगला एकदम जुळणाऱ्या, पण वर्षातले बहुतेक दिवस त्या बॅकपॅकमध्येच पडून राहणार. वर्णनातली ती ओळ वाचल्याशिवाय घेऊ नका.

स्टेप ४: मेटल जमवा, किंवा नका जमवू

ट्रेडिंगमधलं सुट्टं चलन म्हणजे मेटल. एकाच क्लासची दोन वेपन वितळवली की एक स्क्रॅप. तीन स्क्रॅपचं एक रिक्लेम्ड, तीन रिक्लेम्डचं एक रिफाइंड. म्हणजे एका रिफाइंडला १८ वेपन लागतात. वेपन खेळता खेळता आपोआप मिळतात, पण आठवड्याला साधारण दहाएक तासांच्या खेळापुरतीच, त्यापुढे कितीही खेळा काही पडत नाही, आणि मिळाल्याचं नोटिफिकेशन बघून ओके करावं लागतं, नाहीतर पुढचं अडतं. डबल असलेली वेपनच वितळवा, सुरुवातीला क्रुसेडर्स क्रॉसबो किंवा उबरसॉ सारखी चांगली वेपन वितळवणारी पोरं बघितली की जीव तुटतो.

ज्यांना खेळायचंच आहे त्यांच्यासाठी हा रस्ता मस्त. ज्यांना नोकरी, क्लास, पोरंबाळं आहेत त्यांनी सरळ वॉलेटमधून मार्केटवर घ्यावं, वेळेचं मोल असतं.

तीन रिफाइंड टाकून एक रँडम टोपी बनवता येते, तो मोह टाळा. कुठल्याही क्लासची, कसलीही टोपी येते, चोच येण्याची शक्यता नसल्यात जमा. आणि क्रेट तर अजिबात उघडू नका. किल्ली स्टोअरमध्ये अडीच डॉलरला, आणि आत चमकणारी अनयुज्वल निघण्याची शक्यता साधारण १ टक्का. ती लॉटरी आहे, मास्क मिळवायचा मार्ग नाही.

स्टेप ५: घ्या

दोन रस्ते. पहिला, स्टीम कम्युनिटी मार्केट. नाव शोधा, यूनिक क्वालिटीचा बघा, सगळ्यात कमी किमतीचा घ्या. भाव रुपयांत दिसतो आणि कमिशन त्यातच धरलेलं असतं. हे कमिशन टीएफ टू साठी १५ टक्के आहे, ५ स्टीमचे आणि १० गेमचे, म्हणून उद्या कंटाळा आला आणि परत विकायला काढला तर तेवढी झळ बसणार. मार्केटवर घेतलेली वस्तू काही दिवस पुढे ट्रेड होत नाही, घालायला मात्र लगेच मिळते.

दुसरा, ट्रेड. बॅकपॅक डॉट टीएफवर आधी चालू भाव बघा, मग स्क्रॅप डॉट टीएफसारख्या साइटवर बॉटकडून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या अकाउंटकडून, मेटल देऊन घ्या. बॉटशी घासाघीस नाही, गप्पा नाहीत, नवीन माणसाला हेच बरं. माणसाकडून घेताना भाव जुळवता येतो पण फसण्याची शक्यता पण तिथेच.

क्वालिटीबद्दल थोडक्यात: पिवळा म्हणजे साधा यूनिक, नारिंगी म्हणजे स्ट्रेंज, तो काहीतरी मोजत राहतो, जांभळा म्हणजे अनयुज्वल, त्यावर आगबिग चमकते आणि किंमत कुठल्या कुठे जाते. मास्क तोच. पहिल्यांदा पिवळाच घ्या.

फसवणुकीचे प्रकार रोज नवे निघतात पण साचा एकच. कुणीतरी अनोळखी येऊन म्हणतो मी चुकून तुझं अकाउंट रिपोर्ट केलं, आता या ॲडमिनशी बोल. किंवा आमच्या टीमला व्होट कर, ही लिंक, स्टीमनं लॉगिन कर. किंवा मास्क मला दे, मी चेक करून परत देतो. स्टीमचा कुठलाही कर्मचारी चॅटमध्ये येऊन वस्तू मागत नाही. ट्रेड फोनवर कन्फर्म करताना समोरच्याचं नाव आणि वस्तू परत एकदा वाचा, खोट्या साइटवर एकदा लॉगिन झालं की तुमचा खरा ट्रेड रद्द करून त्याच नावाफोटोचा खोटा बॉट तसाच ट्रेड पाठवतो, आणि आपण घाईत हिरवं बटण दाबतो.

स्टेप ६: घाला

मेन मेन्यूमधून आयटम्समध्ये जा, मेडिक निवडा, कॉस्मेटिकच्या तीन चौकोनांपैकी एकावर क्लिक करा, चोच निवडा. झालं. वर ए बी सी डी असे चार लोडआउट दिसतात, ए वर नेहमीचा मेडिक राहू द्या, बी वर प्लेगवाला बनवा, म्हणजे सारखं काढघाल नको.

कोट किंवा टोपी काळी करायची असेल तर रंगाचे डबे मिळतात, पण काळा रंग, ज्याचं नाव डिस्टिंक्टिव्ह लॅक ऑफ ह्यू, हा सगळ्यात महागड्या रंगांपैकी एक आहे, मास्कपेक्षा कितीतरी महाग पडेल. गडद तपकिरी किंवा करडा घेतला तरी लांबून फरक कळत नाही. रंग वस्तूच्या काही भागांनाच लागतो, तो पण आधी त्या लोडआउटच्या साइटवर लावून बघा.

हातात काय धरायचं तर क्रॉसबो उत्तम, लांबून टीममेटला बाण मारून बरं करायचं, जुनाट पण दिसतो आणि उपयोगाचा पण आहे. काठी काही मिळत नाही. सॉलेम व्हाउ म्हणजे हिपोक्रेटसचं डोकं, त्यानं शत्रूची हेल्थ दिसते, इतिहासाच्या हौशीसाठी ते चालेल, पण खेळायला उबरसॉच बरा.

आता एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो, एवढं सगळं करून खेळताना तुम्हाला तुमची चोच दिसत नाही. गेम डोळ्यांतून दिसतो. चोच दिसते ती टीममेटना, मेडिक मेडिक ओरडत मागे वळलेल्या सोल्जरला, आणि तुम्ही ज्याला मारलं त्याला शेवटच्या फ्रीझ झालेल्या चित्रात. शत्रूचा स्पाय तुमचा वेष घेतो तेव्हा तुमच्या कॉस्मेटिकसकट घेतो, त्यामुळे टीममध्ये चोचवाला एकच मेडिक असेल आणि अचानक दोन दिसले तर दुसऱ्यावर गोळी झाडायला सांगा. स्वतःला बघायचं असेल तर टाँट, म्हणजे समोरच्याला चिडवायचा हावभाव, मारा, कॅमेरा बाहेर जातो, आणि तेवढ्यात एफ १२ दाबून स्क्रीनशॉट काढा. स्पॉनरूमच्या दारामागे काढा मात्र, पॉइंटवर उभं राहून काढायला गेलात की स्नायपर वाटच बघत असतो.